पहिला फोटो दादाचा

देवव्रत दुकानाची पायरी चढून आत आला, तेव्हा अस्मिता उद्याच्या लग्नासाठी बॅटऱ्या चार्जिंगला लावत होती. त्याला बघताच तिच्या कपाळाला आठी पडली. महाड ते पोलादपूर म्हणजे एसटीने उठून यावं आणि चहाला परत जावं एवढंच अंतर. पण बाबा गेल्यापासून हा तिचा मोठा भाऊ एकदाही इकडे फिरकला नव्हता.

"आईनं पाठवलंय," त्याने रुमालात गुंडाळलेली वस्तू काउंटरवर ठेवली. "नाहीतर मला हौस नाही आलेली."

"बस."

"बसायला नाही आलो. उरक लवकर."

रुमालात बाबांची लेन्स होती. काळी, जड, मागच्या कडेला रंग उडून आतलं पितळ दिसणारी. दत्तोपंतांनी, म्हणजे बाबांनी, महाडात स्टुडिओ काढला तेव्हापासूनची. त्यांच्या घरात एक रीत होती. नवा कॅमेरा आला की त्यावरचा पहिला फोटो याच लेन्सने काढायचा, आणि तो फोटो लेन्स हातात देणाऱ्या माणसाचाच असायचा. एरवी ती दत्तोपंत स्वतः देत. आता ते नव्हते, म्हणून आईने, कालिंदीबाईंनी, मुलाच्या हाती पाठवली होती. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या भावा-बहिणीला निदान फोटोपुरतं तरी समोरासमोर यावं लागेल, हा त्या माउलीचा हिशेब.

तोंड न बघण्याचं कारण साधं होतं. बाबांचं तेरावं झालं आणि देवव्रतने स्टुडिओच्या किल्ल्या खिशात टाकल्या. "तू सासरी पोलादपूरला पासपोर्ट फोटो काढ, लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडू नकोस," असं तो चार पाहुण्यांसमोर म्हणाला होता. अस्मिता बाबांच्या हाताखाली त्याच्याइतकीच वर्षं राबली होती. तिने पोलादपुरात स्टँडजवळ गाळा घेतला आणि पासपोर्ट फोटोच काढले. पण पाचाडच्या भागोजी शेतकऱ्याच्या मुलीने, अनुपमाने, हट्ट धरला की माझ्या लग्नाला फोटो काढायला बाईच हवी. भागोजीच्या घरची याआधीची सगळी लग्नं महाडच्या स्टुडिओने काढली होती. हे पहिलं, जे अस्मिताकडे आलं. त्यासाठीच तिने डिजिटल कॅमेरा घेतला होता.

"माझाही नवा कॅमेरा आलाय. तुझ्यासारखाच, त्याच कंपनीचा," देवव्रत म्हणाला. "परवा आईनं मलाही ही लावायला लावली. तुझा खेळ झाला असेल तर काढ माझा फोटो."

तिने कॅमेऱ्याची स्वतःची लेन्स उतरवली आणि बाबांची बसवली. बसताना जराशी कुरकुरली, मग खट् आवाज झाला.

देवव्रत निळ्या पडद्यापुढे स्टुलावर बसला आणि बाबा सगळ्या पुरुषांना बसवायचे तसा हनुवटीखाली हात धरून बसला. अंगठ्याला पट्टी होती.

"काय झालं हाताला?"

"शटर लागलं दुकानाचं. काढ लवकर."

ती लेन्स लांबचं जवळ आणणारी. सगळा चेहरा बसवायचा तर अस्मिताला मागे सरकत सरकत पायरीखाली, थेट रस्त्याच्या कडेला जावं लागलं. मागून रिक्षावाल्याने हॉर्न मारला. तिने लेन्सचं कडं फिरवून दादाचे डोळे नेमके धरले आणि बटण दाबलं. फोटो झकास निघाला. तेवढ्यापुरतं तिला बरंही वाटलं.

मग तिने लेन्स काढायला घेतली आणि ती निघेना.

बाजूचं बटण दाबून फिरवलं, की लेन्स केसभर सरकायची आणि अडायची. पुन्हा दाबलं, पुन्हा अडली. अस्मिताने बाजूला ठेवलेल्या स्वतःच्या लेन्सकडे पाहिलं. उद्या मांडवात तीच लागणार होती. ही लेन्स अंगणापलीकडून माणसाचा चेहरा टिपायला चांगली. पण पाचाडच्या भरगच्च मांडवात मागे सरकायला जागा कुठली? हिच्यातून नवरा-नवरी एकत्र आलीच नसती. आले असते ते एकेकाचे कान नि नाक. आणि लग्नाला चालेल असा दुसरा कॅमेरा तिच्याकडे नव्हता.

"जोर लाव की," देवव्रत स्टुलावरून म्हणाला. तो उठला नव्हता.

"जोर लावून मोडायचीय का?"

"मग मला दे. पक्कड आहे का?"

"हात लावू नकोस."

"बघ बाई. उद्या सकाळी लग्न काढायचंय, मला नाही, तुला." तो हसला. "म्हणून म्हणत होतो, पासपोर्ट बरे. गिऱ्हाईक हलत नाही, लेन्स बदलावी लागत नाही."

तेवढ्यात फोन वाजला. भागोजी होता. लांबच्या माणसाशी बोलताना मोठ्याने बोलायचं असतं, अशी त्याची समजूत होती, त्यामुळे देवव्रतलाही सगळं ऐकू येत होतं.

"काय गो बाय, येतेस ना उद्या? हळद सकाळीच हाय!"

"येते ना, काका."

"नाय, तुझा दादा सकाळी फोनवर बोलला. तिचा कॅमेरा नवा हाय, ऐनवेळी अडला तर मला सांगा, मी मोकळाच हाय म्हणाला. म्हटलं इचारावं. अडला तर नाय ना?"

अस्मिताने देवव्रतकडे पाहिलं. तो पडद्याची चुणी सरळ करत होता.

"अजून नाही अडला, काका," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सकाळी. म्हणजे ही लेन्स रुमालातून बाहेर यायच्या आधी.

ती कॅमेरा उचलून दारातल्या उजेडात गेली आणि वस्तू कशी अडली आहे ते बाबांनी शिकवल्यासारखं, आधी डोळ्यांनी पाहू लागली. लेन्सच्या मागच्या कडेला पितळ उघडं पडलं होतं, ते काळवंडलेलं होतं. आपल्याकडच्या दमट हवेत पितळ कुठलं चमकायला! पण एका जागी, बटणाच्या बरोबर वर, नखाएवढा ओरखडा सोन्यासारखा पिवळा होता. ताजा. तिथून कुणीतरी फटीत काहीतरी पातळ, धारदार सारलं होतं.

तिने दादाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"दादा, परवा तुझ्या कॅमेऱ्यातून ही कशी काढलीस?"

"काढली. निघाली."

"कशानं?"

"हातानं. आणखी कशानं?"

"शटर लागलेल्या हातानं, की ब्लेड लागलेल्या?"

देवव्रतच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "काय वेड्यासारखं बोलतेस!"

"तुझ्यातही अडकली होती. तुला माहीत होतं ती माझ्यातही अडकणार. म्हणून पाचाडला फोन आधी केलास आणि इकडे नंतर आलास."

"मग? ते गिऱ्हाईक आपलं आहे. बाबांपासूनचं. तू मध्ये घुसलीस!"

"बाबा माझेही होते."

तिने खण उघडला. पासपोर्ट फोटोंच्या कडा कापायला ठेवलेल्या ब्लेडांतलं एक कागदासकट वाकवून उभं मोडलं. धारेवर चिकटपट्टीचे दोन वेढे दिले, म्हणजे अंगठा कापायला नको. खुर्चीत बसून तिने मांडीवर टॉवेल घेतला आणि कॅमेरा दोन्ही गुडघ्यांत पकडला.

अडचण काय होती ते ओरखड्यानेच सांगितलं होतं. कॅमेऱ्याच्या तोंडाशी एक बारीक खिळी असते. लेन्स बसली की ती लेन्सच्या भोकात शिरते. बटण दाबलं की मागे जाते. जुन्या लेन्सचं भोक झिजून खोल झालं होतं. खिळी मागे येत होती, पण पुरती नाही. तिला वरून दाबायला काहीतरी हवं होतं.

"धरू का मी?" देवव्रत म्हणाला. आवाज आता वेगळा होता. "पिन तुटली तर कॅमेरा जाईल."

"नको. तू धरलास तर नक्की तुटेल."

तिने ओरखड्यावरूनच ब्लेड आत सारलं. अडलं. जरा तिरकं केलं. खाली काहीतरी स्प्रिंगसारखं दबलं. एका हाताने ब्लेड धरून, दुसऱ्या हाताने तिने लेन्स अगदी हळू, दुधावरची साय काढावी तशी फिरवली. देवव्रत पुढे वाकून बघत होता. त्याला काय व्हायला हवं होतं, ते त्याचं त्यालाच माहीत.

खट्. लेन्स तिच्या हातात आली.

तिने आधी खिळी तपासली. शाबूत होती. मग स्वतःची लेन्स बसवली, काढली, पुन्हा बसवली.

"दे ती, आईला नेऊन देतो," देवव्रतने हात पुढे केला.

"मीच देईन. पाचाडला महाडवरूनच जायचंय." तिने लेन्स रुमालात गुंडाळून स्वतःच्या बॅगेत टाकली. "पहिला फोटोही दाखवीन. बघ, किती स्वच्छ आलाय."

तिने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो मोठा केला. हनुवटीखालचा हात, अंगठ्यावरची पट्टी, पट्टीच्या कडेला सरळ, बारीक, वाळलेली रक्ताची रेघ.

"आई विचारेल, हाताला काय झालं. शटर सांगू?"

"अस्मे, आईला मध्ये आणू नकोस."

"मी नाही आणली. तूच आणलीस, रुमालात गुंडाळून."

त्याने पट्टीचा हात खिशात घातला. तोवर तिने फोन उचलला होता.

"भागोजीकाका? येते सकाळी, हळदीच्या आधीच. हो, कॅमेरा ठणठणीत आहे. आणि दादालाही जेवायला बोलवा. मोकळाच आहे म्हणाला ना? पंगतीत पुढे बसवा, माझ्या फोटोत नीट यायला हवा."

"बोलावतो की! घरचाच माणूस हाय तो!" पलीकडून भागोजी ओरडला.

देवव्रत पायरी उतरून स्टँडकडे निघाला. अस्मिताने मोडलेलं ब्लेड कागदात नीट गुंडाळलं आणि लेन्सशेजारी, बॅगेतच ठेवलं. मग दुसरी बॅटरी चार्जिंगला लावली.