नानांच्या जबड्यातलं नवं हाड

एरंडोलच्या चुडामण नानांना पेरलेलं कापसाचं बी उकरून, फुगलं का ते बघायची खोड आहे. पक्के दात बसवायला त्यांच्या जबड्यात हाड पुरेना, तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी त्यांच्याच दाढेमागचं थोडं हाड काढून पुढे भरलं आणि बजावलं, "तिथे जीभसुद्धा लावायची नाही." नानांनी घर येण्याआधीच लावली. मग रोज लावली.

म्हणून काही महिन्यांनी एक्स-रे बघायला नाना आरोपीसारखे उभे राहिले.

"हाड शे का गयं?" हाड जागेवर आहे की गेलं, एवढंच नानांना विचारायचं होतं.

"हे पांढरं दिसतंय ना नाना, ते नवीन वाढलंय. तुमचंच."

"डोकामा बी थोडं भरी द्या, डॉक्टर," त्यांची बायको बेबाबाई म्हणाली.

नाना हसले नाहीत. सत्तरी उलटल्यापासून उंची, झोप, केस, त्यांचं सगळं कमीच होत आलेलं. आणि इथे तोंडातल्या अंधारात, खतपाणी न मागता, मालकाचा उपद्रव सोसून, त्यांचं हाड वाढत बसलं होतं!

परतीच्या एसटीत नानांनी तिकीटसुद्धा कुजबुजत मागितलं, जबड्याच्या झोळीत निजलेलं लेकरू उठू नये अशा बेतानं.