पांढऱ्या ठिपक्यावरचं बटण

मी आवाजाचं बटण बोलतोय. हसू नका. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज लहानमोठे केले, एकदा स्वतःसाठी बोललो तर बिघडलं कुठे?

एका ध्वनिमुद्रकाच्या टेबलावरच्या यंत्रावर मी बसलोय. माणूस कामात पक्का आणि घरात पाहुणा. माझ्याभोवती त्यानं रंगाचे ठिपके दिलेत, प्रत्येक फितीचा वेगळा. जाहिराती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच ओरडतात, म्हणून त्यांचा ठिपका अगदी खाली. ज्या फितीत कुजबुजही आहे आणि गळा फोडून गाणंही, तिचा ठिपका वर. लेकीला तो शिकवायचा, "आधी सगळ्यात मोठी जागा शोध. तिथे कानाला सोसेल इतकं ठेव आणि हात काढ. हळू आहे ते हळूच ऐकायचं."

पांढरा ठिपका त्याच्या बायकोच्या गाण्याचा. एका सकाळी ती ते याच खोलीत गायली. पुढे आठ महिन्यांत ती गेली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो ती फीत लावायचा. गाणं संपल्यावर ती काहीतरी पुटपुटते, अगदी हळू. तिथे तो स्वतःचाच नियम मोडायचा आणि मला भराभर वर फिरवायचा. पण मी काही जादूगार नाही. तिच्याबरोबर खरखरही वाढायची, आणि लगेच धाडकन काहीतरी आदळायचं. दचकून तो मला थेट शून्यावर आणायचा. खोटं कशाला बोलू, मलाही भीती वाटायची. ती रोज काहीतरी सांगायला यायची आणि न सांगताच परत जायची.

मग एकदा लेक आली. तिनं हे पाहिलं आणि मला पांढऱ्या ठिपक्यावर आणून हात काढला.

"बाबा, नियम तुमचाच आहे. बटण नका वाढवू. आपण खोली गप्प करू."

तिनं पंखा बंद केला, फ्रीजची पिन काढली, भिंतीवरचं घड्याळ आतल्या खोलीत उशीखाली ठेवलं. गाणं संपताच बापानं स्पीकरच्या जाळीजवळ कान नेला.

"अहो, झालं ना? आता कुठे जाऊ नका. जरा बसा माझ्याजवळ."

मग फितीतच किल्ल्या वाजल्या, पावलं वाजली, आणि दार धाडकन आदळलं.

"कोण गेलं?" लेकीनं विचारलं.

"मीच. दुसऱ्या कामाला उशीर होत होता. यंत्र चालूच राहिलं."

त्याचा हात सवयीनं माझ्याकडे आला. लेकीनं तो धरून ठेवला. दारानंतरची फीत या घरात आजवर कोणी ऐकलीच नव्हती. तिथे त्याच्या बायकोचा श्वास होता, एकदा बांगडी वाजली. फीत संपेपर्यंत ती तशीच बसून होती.

आता तो मला हात लावत नाही. पांढऱ्या ठिपक्यावरच माझ्यावर धूळ चढलीय. रोज संध्याकाळी तो पंखा बंद करतो, स्पीकरजवळ खुर्ची ओढतो आणि फीत संपेपर्यंत उठत नाही.

तुम्हाला एकच विनंती. घरात कोणी हळू बोललं, तर माझ्यासारख्याकडे धावू नका. मी फार तर खरखर वाढवीन. किल्ल्या खाली ठेवा आणि त्या माणसाजवळ जाऊन बसा.