पिठातला पंजा

स्फोटाच्या जागा तपासायला पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेतून मला पाठवायचे. १९७३ साली सोलापूरजवळच्या एका वस्तीवर गेलो. विहिरींना सुरुंग लावणारा धुळा आपल्या शेडातल्या जिलेटिनसकट उडाला होता. सापडलं तेवढं गोळा करून घरच्यांनी अग्नीही दिला होता. पोलिसांचा पंचनामा तर असा, की वाचणाऱ्याने कपाळावर हात मारावा.

मी शेडाभोवती दोरी बांधली आणि आत कुणी पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. वाकलेल्या पत्र्याखाली डाव्या पंजाचा तुकडा मिळाला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही शाबूत होती. बाटलीत घालून मी चिठ्ठी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दोरीच्या आत मधोमध एक टोपली पालथी घातलेली. शेजारी धुळाची आई, दगडाबाई. माझं डोकंच फिरलं.

"आत कुणी यायला सांगितलं?"

"माणूस गेल्या जागी राती पीठ पसरत्यात, साहेब. जीव येऊन जातो, त्याची खूण उमटती," म्हणत म्हातारीने टोपली उचलली.

पिठात डावा पंजा उमटला होता. अंगठा आणि दोन बोटं. शेवटची दोन नव्हतीच.

"आला गं माझा धुळा," म्हातारी रडायला लागली. "चार वर्सामागं सुरुंगानं दोन बोटं नेली हुती त्याची."

चांगलं ऊन होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. वाकून पाहिलं. तळव्याखाली पिठाच्या बारीक गाठी झाल्या होत्या, घामाने. मेलेल्याच्या हाताला घाम येत नाही.

दोरीबाहेर धुळाची बायको गोजरबाई उभी होती. तिने हळूच विचारलं, "साहेब, मेलेलं माणूस परत येतं का?"

खोटं बोलावंसं वाटलं. नोकरीत पहिल्यांदाच.

"नाही," मी म्हणालो. "बाई, इथं मेला तो दुसराच कुणीतरी. त्याची ती दोन्ही बोटं जागेवर होती. तुमचा नवरा जिवंत आहे. रात्री तो इथं येऊन गेला. त्याच्याबरोबर कामाला कोण होतं?"

"कल्लप्पा. त्यो अक्कलकोटला गेला म्हणून ह्यांनीच सांगितलं हुतं." दंडावरचे वळ तिने पदराखाली घेतले. "एकदा त्याला पाणी दिलं मी, हसून. त्यावरनं हे वळ. आता कळलं, ही खूण आईसाठी न्हाय. माझ्यासाठी हाय."

विहिरीपलीकडे बाभळी होत्या. आम्ही दोघंही तिकडेच बघत राहिलो. काही हललं नाही. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

"माझ्याबरोबरच्या हवालदाराला इथंच ठेवतो," मी म्हणालो. हवालदार एकटा, आणि बाभळी चहूकडे.

तिने रिकाम्या कपाळावरून बोट फिरवलं.

"कुंकू पुसलं तवा लई हलकं वाटलं हुतं, साहेब," ती म्हणाली. "आता परत लावायला लागंल व्हय?"