तेल लावलेले गुलाब

एकोणीस वर्षं मी कॉलेजात कंत्राटावर वनस्पतीशास्त्र शिकवतेय. एकोणीस! माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी कायम झाल्या आणि मी दर जूनला आपली नवा अर्ज भरते. कालचा पाठ म्हणून माझ्या जिवाशी आला होता. निवड समितीपुढे वीस मिनिटं शिकवायचं. जमलं तर नोकरी कायम, नाही तर वयोमर्यादा संपली.

विषय मीच निवडला होता, फुलाचा रंग असतो कुठे. त्याला घरामागचा गडद लाल गुलाब अगदी योग्य. आदल्या दिवशीच मामंजींना बजावलं, "उद्या त्या गुलाबाची तीन फुलं देवाला नकोत. देठानं खुडा, पाकळ्यांना हात लावू नका, डब्यात ठेवा."

मामंजी, म्हणजे माझे सासरे सीतारामराव, एक्क्याऐंशीचे. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत सगळ्यांआधी उठून फुलं काढणारे. "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणाले. गेल्याच आठवड्यात त्यांनी देवाला तुळशीच्या जागी कसलासा रानपाला वाहिला होता आणि लक्ष कुठं असतं म्हणून मी त्यांना झापलंही होतं.

वर्गात डबा उघडला आणि तिळाच्या तेलाचा वास आला. अय्यो! तिन्ही गुलाब तेलानं निथळत होते. काल शनिवार. शनिवारी मामंजी मूर्ती तेलाच्या फडक्यानं पुसतात. तेच फडकं त्यांनी माझ्या फुलांवर फिरवलं होतं!

आता सांगू काय, कप्पाळ? मखमली पाकळीवरच्या पेशी सपाट नसतात. खळ्यावर भाताच्या राशी घालाव्यात तशा टोकदार असतात. लाल रंग त्यांच्या आतल्या रसात. ती टोकं उजेडाला वळवून आत रंगात पाठवतात, म्हणून गुलाब इतका गडद दिसतो. मला त्या राशी सूक्ष्मदर्शकातून पडद्यावर दाखवायच्या होत्या. पण तेलानं मधल्या सगळ्या खाचा बुजल्या होत्या. पडद्यावर नुसता चकचकाट.

"मॅडम, फूल प्लास्टिकचं आहे काय?" समितीतला एक जण म्हणाला. सगळे हसले. मी त-त-प-प करत कसंबसं उरकलं. "कळवू," म्हणाले. या 'कळवू'चा अर्थ मला पाठ झालाय.

घरी आले ती तणतणतच. मामंजी अंगणात बसले होते. डबा त्यांच्यापुढे आपटला.

"चमकली ना?" त्यांनी हसून विचारलं.

"डोंबल चमकली! एकोणीस वर्षं पाण्यात गेली माझी! सांगितलं होतं ना हात लावू नका? एक दिवस, एकच दिवस माझं ऐकलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

ते हळूच म्हणाले, "रागावू नको भुवना. सकाळी बघितली तर तिन्ही काळी ठिक्कर. म्हटलं, वाळली. चारचौघांत आमच्या सुनेची शोभा होईल. मूर्ती काळी पडली की तेल लावतोच आपण. लावल्यावर जरा लकाकली, तेव्हा कुठं दिसली मला."

"काळी? लालभडक होती ती!"

"असतील. मी हल्ली बोटांनीच खुडतो."

माझा राग तिथंच थिजला. तुळस आठवली. परवा जिन्यावर ठेचकाळले ते आठवलं. एका घरात राहून मला, पेशी न् पेशी बघणारीला, हे कळू नये? लाज वाटली मला माझीच. झाडाशी गेले, हाताला आलं ते तोडलं आणि भर उन्हात त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं.

"मामंजी, रंग सांगा."

त्यांनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले. माझा राग जावा म्हणून की काय, हसलेसुद्धा.

"लाल. तुझा गुलाब ना?"

माझ्या हातात पान होतं.