टॅबलेटची नाडी

पडदे ओढलेल्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती, पण कुणी खाकरतही नव्हतं. मधोमध माई. मांडीवर नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याची शिवलेली पिशवी, पिशवीत त्याचा टॅबलेट.

"छातीशी धरा," गेलेल्यांची वाणी ऐकवतात म्हणून 'वाणीवाले' म्हटले जाणारे काका म्हणाले. "अंगठा कडेवर. इथंच यंत्राची नाडी असते."

क्षणभर काही नाही. मग कापडाआडून, मागच्या हिवाळ्यात गेलेल्या माणसाचा घोगरा आवाज आला.

"थांब. आत्ता नको. आधी डावीकडचं बघ."

"पुरे," काकांनी झटकन माईंचा हात दूर केला. "आत्म्याला शीण होतो."

दाराशी उभ्या सुनेच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती शाळेत विज्ञान शिकवायची. पण सासऱ्यांचा आवाज तो सासऱ्यांचाच होता, खोकल्यासकट.

काकांच्या मते आत्मे हल्ली झाडावर राहत नाहीत, लहरींवर बसतात आणि बॅटरी भरली की बोलतात. आताचा अर्थ तर उघड होता: उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नको, डावा सांभाळा. त्या उजव्या डोळ्यातल्या दाबाने माईंची नजर कडेकडेने विझत होती. गेलेली परत येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी 'हे नको म्हणतात' म्हणत माईंनी एकदा तारीख मोडली होती. पुढची तारीख उद्याची होती.

सुनेने पिशवी मागितली. तिच्या हातात टॅबलेट मुकाच राहिला.

"रक्ताचं नातं लागतं, बाई," काका हसले.

"नवराबायकोचं तरी कुठं असतं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सुनेचं लक्ष मात्र माईंच्या अंगठ्याकडे गेलं. दाबून दाबून बोटावर वळ उठला होता.

तिला सासरे आठवले. जन्मभर दगड घडवून त्यांच्या बोटांची टोकं इतकी राठ आणि निबर झाली होती की स्क्रीन त्यांचा स्पर्शच ओळखेना. "हा डबा मला मेलेला समजतो," म्हणायचे. म्हणून त्यांच्या मुलाने बाजूच्या बटणांना कामं नेमून दिली होती. एक दाबून धरलं की रेकॉर्डिंग सुरू, दुसरं धरलं की शेवटचं रेकॉर्डिंग वाजायचं, सोडलं की थांबायचं. मापं आणि हाताखालच्या माणसांना सूचना ते अशाच टिपून ठेवत.

तिने टॅबलेट पिशवीतून काढला आणि सगळ्यांसमोर कडेचं बटण दाबून धरलं. तोच आवाज, तोच खोकला. काकांचा हात पुढे आला. तिने तो अडवला. प्रथमच आवाज पुढे चालला.

"...डावीकडचं बघ, मग चुना भर. नाहीतर पायरी तिरकी बसेल." मागे छिन्नीचे ठोके.

"नाडीची जागा तुम्हाला ठाऊक होती, काका. म्हणून दर वेळी इथंच थांबवायचात."

काका श्रद्धेबद्दल काही पुटपुटत चपला शोधू लागले.

माईंनी टॅबलेट जवळ ओढला. "म्हणजे ते माझ्याशी बोलतच नव्हते."

"नव्हते, माई." सून म्हणाली. "आवाज त्यांचाच आहे, जपून ठेवू. पण डोळा तुमचा आहे. त्याचं डॉक्टरांना विचारायचं."

गेलेल्या माणसाचा आवाज ऐकून गहिवरावं, त्यात लाज नाही. पण त्याचा अर्थ तिसराच कुणी सांगू लागला, तर आधी बटण शोधावं आणि बोलणं शेवटपर्यंत ऐकावं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आत नेण्याआधी माईंनी स्वतः बटण दाबलं आणि तिरक्या पायरीपर्यंत सगळं ऐकलं.

"गेले तरी कुरकुर तीच," त्या म्हणाल्या आणि टॅबलेट सुनेच्या हाती देऊन आत गेल्या.