पर्समधली हातोडी

ठक्! दचकलात ना? मी हातोडी बोलतेय. खिळे ठोकणारी नव्हे हं, तबला सुरात लावणारी. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर गरगर फिरून मी गुळगुळीत झाले आणि मुलुंडच्या मार्तंड सामंतांच्या हाती पडले. हेच आमचे नाना. दिवसा बँक, संध्याकाळी तबला. मला ठेवायला मखमली पिशवी, दसऱ्याला हळदकुंकू. थाट होता माझा!

त्र्याऐंशी साली घरात सून आली, उत्तरा. गाणारी! मग काय, रोज जुंपायची. रियाजाला बसलं की तिचा आलाप संपता संपत नसे आणि नाना तबल्यावर हात ठेवून नुसते बसून. त्याचा सूड म्हणून तिची तान रंगात आली रे आली की ते मला उचलायचे. ठक् ठक् ठक्!

"नाना, तबला मघाशीच लागलाय की!"

"तुझ्या कानाला लागला असेल."

"मुद्दाम करता ना तुम्ही?"

नाना गालातल्या गालात हसत आणखी दोन ठोके द्यायचे. खरं सांगते, मलाही भारी मजा यायची. नानांचा मुलगा विद्याधर मात्र बायको आणि वडील यांच्यामध्ये सापडायला नको म्हणून तेवढ्यात कोथिंबीर आणायला पळायचा. त्या घरात कोथिंबीर कधी कमी पडली नाही.

अशातच एका संगीत मंडळात उत्तराचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला. वेळ एक तास, साथीला नाना. तिला ख्याल पुरा गायचा होता, नानांना मध्येच सोलो वाजवायचा होता. आठवडाभर दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. शेवटी नानांच्या बायकोने, पद्मजाबाईंनी, कार्यक्रमाआधी मला गुपचूप उचललं. "ही मेलीच सगळ्याचं मूळ," म्हणत त्यांनी मला पर्समध्ये कोंबलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

गाणं छान सुरू झालं. पण हवा दमट. जरा वेळाने तबल्याचा सूर उतरला. नाना मला चाचपू लागले. पिशवी रिकामी! भर सभेत बेसूर वाजवायची वेळ आली. पद्मजाबाई घाईघाईने पर्स उघडायला गेल्या, तर चेन अडकली. मी आतून जीव तोडून ओरडत होते, पण ऐकतो कोण?

उत्तराने नानांचा पडलेला चेहरा पाहिला. ती गायची थांबली. तानपुऱ्याच्या खुंट्या पिळून तिने स्वतःचाच सूर खाली आणला.

"नाना, राहू दे. मीच येते तुमच्या सुरात."

माइक चालू होता. सगळ्या हॉलने ऐकलं. नानांचे डोळे भरून आले.

"आता सोलो वाजवा, नाना."

"छे गं, तू ख्याल पुरा कर."

"नाही, आधी तुम्ही."

"अगं, आधी तू!"

त्या आग्रहातच तास संपला आणि मंडळाने पडदा पाडला. टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

तेव्हापासून घरी रोज तेच. "आधी तू, आधी तुम्ही" करता करता जेवायची वेळ होते. तबला लावायची वेळच येत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात गूळ फोडते. त्यांचं सूत जमलं याचा मला आनंद आहे हो, खोटं कशाला बोलू? पण कधी मुलुंडला आलात तर आमच्याकडे डोकवा आणि नानांच्या कानात एवढंच सांगा, "तुमची सून म्हणत होती, हल्ली नानांना तबला लावता येत नाही."