खारट मकरंद

भीमपूरच्या शिवारात कांद्याचं बी धरणारी सोजरबाई एकटीच. बाकी सगळे कापूस-सोयाबीनवाले. मागल्या साली तिच्या अर्ध्या एकरात कांद्याचे पांढरे गोंडे कमरेएवढे उभे राहिले, पण चोळून पाहिले तर हाती निव्वळ फोलपटं आली. शेजारचा डोमाजी तेव्हा म्हणाला होता, "वयनी, कांदा खाच्यासाठी असते. बी बाजारातून आनाचं." ते बोलणं तिला फार लागलं.

माश्या बसल्याशिवाय बी भरत नाही, एवढं तिला कळून चुकलं होतं. म्हणून यंदा गोंडे फुलू लागताच तिनं उटनूरकडून सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आणवून बांधावर ठेवल्या. माश्या बाहेर पडल्या, तिच्या गोंड्यांवरून उडाल्या आणि सरळ डोमाजीनं सोयाबीननंतर पेरलेल्या, फुलावर आलेल्या सांबारात, म्हणजे कोथिंबिरीत, जाऊन बसल्या. तीन दिवस हेच चाललं.

"माश्या तुमच्या अन् जेवन आमच्या घरी," डोमाजी बांधावरून म्हणाला. आदिलाबादच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या पुतणीला, प्रणिताला, सोजरबाईनं फोन केला.

प्रणिता रविवारी आली. तिनं काचेच्या बारीक नळीनं फुलातला रस ओढला आणि थेंबभर काकूच्या बोटावर ठेवला. "चाखून पाहा."

आधी गोड लागलं, मग जिभेवर खारटपणा राहिला.

"कांद्याच्या रसात पोटॅशियमचा क्षार लय असते, काकू. माशीले तो आवडत नाई. त्यात ऊन तापलं का रस घट्ट होते, तिच्या सोंडेत चढत नाई. बाजूले सांबाराचा रस सोपा भेटून राह्यला, मंग ते इकडे काऊन येईन?"

"मंग माह्या कांद्यानं काय बिनबियाचं मराचं?"

"रस पातळ कराले हलकं पानी देत राहा. फुलं आहेत तवर फवारणी करू नका. अन् माशी शिकते, काकू. एखाद्या वासासंगं गोडी भेटली, का तोच वास हुडकत फिरते."

सोजरबाई म्हणाली, "आपली म्हैस सरकीच्या ढेपीले तोंड लावत नवती. गुळाचं पानी शिंपडून शिकवली मी तिले. ह्या तर माश्या हायेत."

त्या संध्याकाळी तिनं साखरेचा पाक केला, निवू दिला आणि त्यात ओंजळभर कांद्याची फुलं भिजत घातली. सकाळी उजाडायच्या आधी पाक गाळून पेट्यांत ठेवला. माश्या बुडू नयेत म्हणून वर काड्या टाकल्या. नवरा भगवंतराव दर तिसऱ्या दिवशी हलकं पाणी सोडू लागला. "माश्यांची शाळा," असं तो हसून म्हणे, पण पाणी एकदाही चुकवलं नाही.

पहिल्या दिवशी माश्या पाक पिऊन सांबारातच गेल्या. दुसऱ्या दिवशी चार-पाच गोंड्यांवर उतरल्या. सोजरबाईनं कोणालाच सांगितलं नाही. नजर लागेल असं वाटलं. पाचव्या दिवशी ती भाकरी घेऊन शेतात आली, तर वावर नुसतं गुणगुणत होतं. एकेका गोंड्यावर तीन-तीन माश्या, पाय परागानं माखलेले. ती तिथंच बांधावर बसली आणि दुपारपर्यंत उठली नाही.

एप्रिलमध्ये गोंडे खुडले, वाळवले, चोळले. सुपातून फोल उडालं आणि खाली काळंभोर, टोकदार बी उरलं. पाण्यात टाकलं तर तळाशी गेलं. शंभर दाणे तिनं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, त्र्याण्णव उगवले. मोड आलेलं गोणपाट तिनं स्वतः डोमाजीच्या ओसरीवर नेऊन उलगडलं.

डोमाजीनं एकेक कोंब बोटानं मोजला. शेवटी म्हणाला, "वयनी, मी चुकलो. पावशेर बी ठेवा माह्यासाठी."

पुढच्या आठवडी बाजारात गुडीहत्नूरकडची माणसं तिला विचारत आली. कोणी मराठीत बोललं, कोणी तेलुगूत. सोजरबाईनं पदर खोचला, माश्यांना पाक कसा द्यायचा ते दोन्ही भाषांत समजावून सांगितलं, आणि गोंडे फुलले की आधी फुलातला रस स्वतः चाखून पाहा, हेही प्रत्येकाला बजावलं.